दारातली कण्हेर आणि गल्लीतला कुत्रा

पाऊस तोंडावर आला की मुंबईच्या उपनगरांत झाडे लावायची लगबग सुरू होते. मुलुंड असो, घाटकोपर असो, अंधेरी की बोरिवली, रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांत रोपांच्या काळ्या पिशव्या रांगेत लागतात. सोसायटीच्या कमिटीत ठराव होतो, माळीभाऊंना सांगितले जाते, आणि पहिल्या दोन-तीन झाडांत हमखास एक नाव येते ते कण्हेरीचे. गुलाबी, पांढरी, लाल. बारा महिने फुलते, पाणी थोडे मागते, धूळ आणि गाड्यांचा धूर सोसते. शेळ्या-गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राज्यातल्या महामार्गांच्या दुभाजकांवरही तीच दिसते. एवढे गुण असलेले झाड दारात का नको, असे कुणालाही वाटेल.

या लेखात आम्ही त्याच झाडाची दुसरी बाजू मांडणार आहोत. आपल्या आवारात, गेटजवळ, गाड्यांच्या सावलीत जी कुत्री राहतात, त्यांच्याजवळ कण्हेर असणे सुरक्षित आहे का? याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. कण्हेरीचे पान, फूल, फांदी, साल, मूळ, बी, चीक, यांपैकी काहीही पोटात गेले तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

यावर पुष्कळ भगिनी म्हणतील, “आमच्या घरात कुत्रा नाही, आम्ही पाळतही नाही. मग आम्हांला काय त्याचे?” हा प्रश्न आपल्या समाजात स्वाभाविक आहे. म्हणूनच हा विषय या मासिकात घ्यावासा वाटला. कुत्रा आपला नसेल, पण झाड आपण लावलेले असते.

नावातच इशारा

आम्ही उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे एखाद्या वस्तूची दोन्हीकडची नावे शेजारी ठेवून पाहायची सवय लागली आहे. कण्हेरीच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडली.

संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात. कोल्हापूरचे जुने नावही करवीर. पण याच झाडाचे दुसरे नाव अमरकोशात दिले आहे ते ‘हयमारक’. हय म्हणजे घोडा. घोड्याला मारणारे झाड! ‘अश्वमारक’ हेही नाव याच अर्थाचे. आता फारसीकडे वळा. तिथे कण्हेर म्हणजे ‘खरजहरा’. खर म्हणजे गाढव. गाढवाला विष ठरणारे झाड, असाच अर्थ लोकांनी त्या नावातून घेतला. अरबीत तिला ‘दिफला’ म्हणतात.

पाहा, संस्कृत जाणणाऱ्यांनी घोडा मरताना पाहिला आणि फारसी बोलणाऱ्यांनी गाढव. दोघांनीही नाव ठेवताना फुलाचा रंग किंवा वास घेतला नाही, जनावराचा मृत्यू घेतला. पुढच्या पिढीने विसरू नये म्हणून इशारा थेट नावातच घालून ठेवला. आपण मात्र नर्सरीत ‘बारमाही फुलझाड’ एवढेच ऐकून ती घरी आणतो.

विष काम कसे करते

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दादा-दादी किंवा नाना-नानी हृदयासाठी डिजॉक्सिनची गोळी घेतात. ही गोळी ‘फॉक्सग्लोव्ह’ नावाच्या परदेशी फुलझाडाच्या जातीतून आली. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या झाडाच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. डॉक्टर ही गोळी अगदी मोजून देतात, वेळोवेळी रक्त तपासायला सांगतात. कारण औषध आणि विष यांत इथे फार थोडे अंतर असते.

कण्हेरीत ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची जी द्रव्ये असतात, ती याच कुळातली. फरक असा की झाडाला माप नसते. हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. त्याच्या जोरावर ठोका नियमित पडतो. कण्हेरीचे विष तो पंप अडवते. मग ठोका मंदावतो, मध्येच चुकतो, कधी सुसाट धावतो आणि शेवटी थांबतो.

कुत्र्याच्या पोटात कण्हेर गेली तर काही तासांतच लक्षणे दिसू लागतात. आधी तोंडातून लाळ गळते. मग उलट्या, जुलाब, क्वचित त्यांत रक्त. पोट दुखत असल्याने कुत्रा कुबड काढून उभा राहतो किंवा एका कोपऱ्यात जाऊन पडतो. पाय थंड पडतात, चालताना झोकांड्या जातात. लोकांना वाटते, काहीतरी शिळेपाके खाल्ले असेल, उद्या ठीक होईल. हीच वेळ हातातून जाते. उलट्या-जुलाब दिसतात, पण आत हृदयाचे काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

हिरव्यापेक्षा सुके पान धोक्याचे का?

हिरवे पान कडू असते. मोठे, शहाणे जनावर एकदा चावून थुंकून टाकते. म्हणूनच ‘इतकी वर्षे झाड आहे, काही झाले नाही’ असे लोक म्हणू शकतात. पण पान सुकले की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. म्हणजे उभ्या झाडापेक्षा छाटून टाकलेला ढीग जास्त धोक्याचा. आणि आपल्या सोसायट्यांत छाटणी कशी होते ते आपण जाणतो. माळीभाऊ सकाळी फांद्या उतरवतात, ढीग गेटच्या बाजूला लावतात, आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत तो दोन-तीन दिवस तिथेच पडून असतो.

कुत्र्याची पिल्ले साधारण तीन-चार महिन्यांची असताना दात शिवशिवतात म्हणून दिसेल ते चावतात. चप्पल, झाडू, दोरी आणि काडी. कण्हेरीची सरळ, लवचीक काडी तर त्यांना खेळणेच वाटते. शिवाय, एखाद्या बादलीत कण्हेरीच्या फांद्या भिजत ठेवल्या असतील तर त्या पाण्यातही विष उतरते. उन्हाळ्यात तहानलेला कुत्रा तेच पाणी पितो.

गेल्या वर्षी आमच्या शाळेजवळच्या एका गल्लीत हेच घडले. समोरच्या इमारतीत छाटणी झाली होती. दोन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, नववीतल्या मुली धावत आल्या. रोज शाळेच्या फाटकाशी खेळणाऱ्या तीन पिल्लांपैकी दोन आडवी पडली होती. एकाच्या तोंडाला फेस होता. दुसरे उभे राहायला जाई आणि पडे. त्यांतली एक मुलगी हातात सुकत आलेली काडी घेऊन आली होती. म्हणाली, “टीचर, ये इसके मुँह में था. ये तो अपनेच गेट का पेड़ है ना?”

शाळेचे शिपाईमामा आणि आम्ही रिक्षा केली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लंय?” आम्ही ती काडी पुढे केली. त्यांनी एका नजरेत झाड ओळखले आणि उपचाराची दिशाच ठरली. कोळशाचे औषध, सलाईन, हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष. एक पिल्लू वाटेतच गेले होते. दुसरे तिसऱ्या दिवशी उठून बसले. डॉक्टर म्हणाले, “ही काडी आणली नसती तर मी साध्या जुलाबाचं औषध देऊन परत पाठवलं असतं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच मुलीने विचारले की, ज्यांनी झाड लावले त्यांना हे माहीत होते का. आम्ही खरे तेच सांगितले. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण झाडाची माहिती घेणे हेही लावणाऱ्याचेच काम असते.

केरळने काय केले

कण्हेरीचा धोका जनावरांपुरता नाही. २०२४ मध्ये केरळात एका तरुण नर्सचा मृत्यू झाला. परदेशात नोकरीसाठी निघताना, फोनवर बोलता बोलता तिने घराजवळच्या कण्हेरीचे पान-फूल सहज तोडून चावले असावे, असा संशय व्यक्त झाला. त्याच सुमारास तिथे पथनमथिट्टा जिल्ह्यात कण्हेरीची पाने खाऊन गाय आणि वासरू दगावल्याच्या बातम्या आल्या. मल्याळममध्ये कण्हेरीला अरळी म्हणतात. मंदिरांच्या नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुले वापरण्याची पद्धत होती. त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातला अरळीचा वापर थांबवला.

यातून घेण्यासारखे आहे ते असे. प्रथा जुनी होती, फूल सुंदर होते, लोकांची श्रद्धाही होती. तरीही जीवाला धोका दिसताच निर्णय बदलला गेला. आपल्या सोसायटीच्या कमिटीला एक झाड गेटपासून हलवणे यापेक्षा कठीण नाही.

बकरी ईदचा बकरा, घरची मांजर, लहान मूल

आता ‘आमच्या घरात कुत्रा नाही’ या मुद्द्याकडे परत येऊ. कुत्रा नसेल, पण बकरी ईदच्या आधी घरी बकरा येतो. देवनारच्या बाजारातून तो उपनगरातल्या आवारात, गच्चीत किंवा जिन्याखाली येऊन बांधला जातो. मुलांचा तर तो चार दिवसांचा दोस्तच होतो. मुले त्याला खाऊ घालायला धावतात आणि हाताशी येईल तो पाला तोडून आणतात. आवारात हिरवेगार काय असते? कण्हेरच. एरवी मोकळा बकरा कडू पान टाळेल. पण बांधलेला, प्रवासाने थकलेला, भुकेला बकरा मुलाच्या हातातून काहीही खातो. कण्हेरीचे विष बकऱ्याला, गाईला, घोड्याला, सगळ्यांना बाधते, आणि मूठभर पानेही पुरतात. ज्या जनावराला कुर्बानीपर्यंत नीट जपायचे, त्याला आपल्याच हाताने विष दिले जाऊ नये. मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे: बकऱ्याला फक्त घरातून दिलेलाच चारा घालायचा, आवारातल्या झाडाचे पान तोडायचे नाही.

मांजर तर आपल्या पुष्कळ घरांत असते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. मांजरालाही कण्हेर घातकच आहे. त्याशिवाय मांजरासाठी आणखी एक फूल जीवघेणे आहे: लिली. लग्न-वलीम्याच्या गुलदस्त्यात जी मोठी, सुवासिक लिली असते, तिचे पान, पराग किंवा फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते. अंगावर पडलेला पराग मांजर चाटते आणि तेवढेही पुरते. मांजर असलेल्या घरी लिलीचा गुलदस्ता नेऊ नये, आला तर घरात ठेवू नये.

आणि लहान मूल. बिट्टीचे झाड, म्हणजे पिवळी कण्हेर, आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणात आहे. तिच्या टणक बियांनी कितीतरी मुले खेळली. पण बिट्टीचे बी हा तिचा सर्वांत विषारी भाग आहे आणि विष त्याच हृदय थांबवणाऱ्या जातीचे आहे. खेळणे म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये.

कोणते फूल चालेल, कोणते नाही

सगळीच फुलझाडे वाईट, असा अर्थ कुणी घेऊ नये. आपल्या आवडीची बहुतेक फुले निर्धोक आहेत. बाजारात जाण्याआधी ही यादी जवळ ठेवावी.

कुत्र्या-मांजरांजवळ चालतील अशी:

* मोगरा, जाई, जुई, सायली. ही सगळी एकाच जातीची भावंडे, विष नाही.
* गुलाब. काट्यांपुरती काळजी.
* जास्वंद. खूप खाल्ली तर पोट बिघडेल, एवढेच.
* कर्दळ. रंग पुष्कळ, त्रास नाही.
* बोगनवेल. कुंपणाला कण्हेरीची जागा घ्यायला उत्तम. ऊन आणि धूळ दोन्ही सोसते. काटे मात्र असतात.

टाळावीत किंवा जनावराच्या तोंडापासून दूर ठेवावीत अशी:

* कण्हेर आणि बिट्टी. वर सांगितलेच.
* अडेनियम. नर्सरीत याला ‘डेझर्ट रोझ’ म्हणतात. नावात गुलाब असला तरी हे कण्हेरीच्या कुळातले आहे आणि विषही तसेच. बुटके असल्याने बाल्कनीच्या कुंडीत लावतात, म्हणजे बरोबर जनावराच्या तोंडाशी.
* कलांचो. लहान कुंडीत मिळणारे, गुच्छाने फुलणारे. यातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.
* सदाफुली. हिच्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात, व्हिन्क्रिस्टीन हे त्यांतले एक. औषधाचे झाड म्हणजे खाण्याचे झाड नव्हे.
* रातराणी. वास मोगऱ्याची आठवण देतो, पण जात वेगळी. ती विषारी आहे.
* घाणेरी, म्हणजेच टणटणी. यकृताला इजा करते.
* धोतरा. कुठेही उगवतो, दिसला की हातमोजे घालून काढावा.
* शेवंती. जीव सहसा जात नाही, पण उलट्या आणि अंगाला खाज होऊ शकते.
* सायकस. याला डौलदार फुले नसतात, पण मोठ्या सोसायट्यांच्या दारात हे ताडासारखे झाड शोभेला लावतात म्हणून सांगतो. याचे बी कुत्र्याचे यकृत निकामी करते.

नर्सरीवाल्या भाऊंना फक्त ‘कोणते फूल छान?’ असे विचारू नका. ‘जनावराने खाल्ले तर चालते का?’ हाही प्रश्न विचारा. त्यांना सांगता आले नाही, तर झाडाचे नाव लिहून घ्या आणि माहिती काढून मग आणा.

खाल्लेच तर काय करावे

वेळ मोजकी असते, म्हणून हे मुद्दे घरातल्या मोठ्या मुलांनाही वाचून दाखवावेत.

१. तोंडात उरलेले पान किंवा काडी जपून काढा. स्वतःचा हात चावला जाणार नाही याकडे लक्ष द्या. अनोळखी कुत्रा असेल तर हात घालूच नका.

२. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. मीठच जनावराला विष ठरू शकते. दूध, तूप, लिंबू याने कण्हेरीचे विष उतरत नाही. माणसाची गोळी देऊ नका. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

३. झाडाची काडी-पान पिशवीत घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा. किती वाजता आणि साधारण किती खाल्ले, ते लक्षात ठेवा.

४. जनावराला पळवू नका, चालवूही नका. हृदयावर आधीच ताण आलेला असतो. चादरीत किंवा खोक्यात ठेवून न्या.

५. आधी जवळचा प्राण्यांचा डॉक्टर गाठा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने, मोठे रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. पण मुलुंड किंवा बोरिवलीहून तिथे पोहोचायला गर्दीच्या वेळी तासाच्या वर जातो. तेवढा वेळ कण्हेर देत नाही. म्हणून आपल्या भागातल्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. पहिला उपचार जवळ आणि पुढचा गरज पडली तर मोठ्या ठिकाणी, असा क्रम ठेवा.

६. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नका. कण्हेर खाताना पाहिले असेल तर जनावर हसते-खेळते असतानाच निघा.

मुलाने खाल्ले असेल तर याच घाईने माणसांच्या रुग्णालयात जावे आणि झाडाचा नमुना सोबत न्यावा.

झाड उपटायचे का?

प्रत्येक ठिकाणी उपटलेच पाहिजे असे नाही. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर चांगले काम करते. तिथे कुणी चरायला जात नाही. पण सोसायटीचे गेट, मुलांची खेळण्याची जागा, जिथे कुत्र्यांना अन्न-पाणी ठेवतात ती जागा आणि ईदला बकरे बांधतात ती जागा, या चार ठिकाणी तरी कण्हेर नसावी. तिथे बोगनवेल, जास्वंद किंवा मोगरा लावता येतो.

जिथे कण्हेर राहणार आहे तिथे छाटणीचा नियम करावा. छाटणी करणाऱ्याने हातमोजे घालावेत. फांद्या त्याच दिवशी गोणीत बांधून कचऱ्याच्या गाडीत जाव्यात. उघडा ढीग नको. जाळायच्या तर मुळीच नाहीत, कारण धूरही त्रासदायक असतो. हा नियम कागदावर लिहून माळी आणि वॉचमन यांना मराठी-हिंदीत समजावून सांगावा. फार तर पाच मिनिटे लागतील.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही ठिकाणी ‘कण्हेर लावा, म्हणजे कुत्री फिरकणार नाहीत’ असे बोलले जाते. कण्हेरीने कुत्री पळत नाहीत. अजाण पिल्ले मरतात. आणि जाणूनबुजून जनावराला विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तर आवारातल्या कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे आणि त्यांच्या खाण्याच्या जागेची व्यवस्था रहिवाशांच्या संघटनेकडे दिली आहे. कुत्र्यांचा खरोखर त्रास असेल तर नसबंदी आणि लसीकरण हा त्यावरचा रस्ता आहे.

लावणाऱ्याची जबाबदारी

कुत्र्याच्या लाळेच्या पाकीबद्दल आपल्या मसलकांत मतभेद आहेत. कोकणातले आपले शाफई बांधव आणि इतर ठिकाणचे हनफी बांधव यांचे मसले सारखे नाहीत. पण कुत्र्यावर दया करावी की नाही, याबद्दल मतभेद नाही. तहानेने जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मदरशात शिकलो आहोत. जनावरांशी केलेल्या भलाईचाही सवाब मिळतो का, असे सहाबांनी विचारले तेव्हा उत्तर होकारार्थी मिळाले.

झाड लावण्याच्या फजीलतीबद्दलही आपण ऐकतो. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते. आम्ही वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा एक गोष्ट त्यात जोडतो. आपण लावलेल्या झाडाचे जनावर खाणार, हे या शिकवणीत गृहीतच धरले आहे. मग लावताना पाहायला नको का, की खाणाऱ्याच्या पोटात काय जाणार आहे?

वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हासुद्धा सदकाच. ती वस्तू दगड किंवा काटाच असते असे नाही. गेटजवळ पडलेली कण्हेरीची सुकी फांदीही असू शकते. या पावसाळ्यात झाडे लावण्याआधी प्रत्येक घराने आपल्या आवारात एक फेरी मारावी, सोबत मुलांनाही न्यावे. कोणते झाड कुठे आहे ते पाहावे, वरच्या यादीशी ताडून घ्यावे, आणि जे गेटपाशी नको ते कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये लेखी द्यावे. ज्या जिवांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने तो अर्ज आपणच करायचा आहे.